आधी पाच, मग वीस

संक्रांत उलटली की मांजरीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या वाढतात. स्वारगेटहून निघालेली माझी बस हडपसर ओलांडते आणि अशाच एखाद्या ट्रॉलीच्या मागे अडकते. ड्रायव्हर हॉर्न वाजवून हात दुखवून घेतो. ट्रॉलीवाल्याला त्याचं सोयरसुतक नसतं. खिडकीतून उसाचा ओला, आंबटगोड वास आत येतो आणि शेजारी बसलेली, कानात काहीतरी खुपसलेली मुलगी नाक मुरडते. मी मात्र घाबरते. ऊस पाहून घाबरणारी मी पुण्यातली एकमेव बाई असेन.

कारण याच दिवसांत शाळेत पडताळणीचं पत्र येतं. बाहेरून माणसं येतात, दुसरीतिसरीच्या मुलांना एकेक करून समोर बसवतात, एक संख्या सांगतात आणि म्हणतात, लिही. सात वर्षांचं मूल आणि एक पेन्सिल. आम्ही शिक्षिकांनी लांब उभं राहून बघायचं. गेली कित्येक वर्षं हे चाललं आहे आणि मी त्याला सरावले होते. मग तनुजाचं वर्ष आलं आणि तेव्हापासून मी कशालाच सरावलेली नाही.

आमची शाळा मांजरीची. गाव महापालिकेत गेलं त्याच्या कितीतरी आधीपासूनची. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला चौदा मजल्यांच्या इमारती, मधे आमचे पाच वर्ग आणि एक कडुनिंब. मी पेठेत राहते आणि रोज दोन बस बदलून इथे येते. "इतक्या लांब कशाला जातेस?" असं आमच्याकडे अजूनही विचारतात. मांजरी म्हणजे त्यांच्या मते परगावच. लांब मी जाते, दमतात ते.

दुसरीचा वर्ग माझ्याकडे आला तेव्हा मी बाकं भिंतीला लावली आणि मुलांना सतरंजीवर बसवलं. खराट्याच्या काड्या आणल्या, सारख्या लांबीच्या कापल्या. दहा काड्या मोजायच्या, त्यांना रबर लावायचं, झाला एक दशक. उरलेल्या सुट्या काड्या म्हणजे एकक. बेरजेत सुट्या काड्या दहा झाल्या की त्यांचा गठ्ठा बांधून पलीकडे सरकवायचा. वजाबाकीत काड्या कमी पडल्या की एक गठ्ठा सोडायचा. आपण याला हातचा म्हणतो. लहानपणी मी शेकडो वेळा हातचा एक म्हटलं असेल, पण तो खरोखर कुणाच्या हातचा असतो हे मला त्या सतरंजीवर, वयाच्या पन्नाशीत कळलं. मुलं हातातला गठ्ठा पलीकडे ठेवताना मोठ्याने म्हणायची, "हा घे हातचा."

विज्ञान म्हणून वेगळा तास मी कधी घेतला नाही. पोरांनी घरून उसाची कांडी आणली, प्रत्येकावर कोंब फुटायचा एकेक डोळा. एका फुटक्या टबात माती भरून ती आडवी पुरली. काहींनी डोळा वर ठेवला, काहींनी मुद्दाम खाली. कोंब आधी कुणाचा येतो यावर वर्गात दोन तट पडले. रोज पहिला उद्योग म्हणजे टबापाशी जाऊन बघणं आणि काडी लावून कोंबाची उंची मोजणं. वर्गाला मातीचा, ओल्या गोणपाटाचा आणि तीस पोरांच्या घामाचा मिळून एक वास असायचा. मुख्याध्यापक दारातूनच म्हणायचे, "बाई, वर्ग आहे की वखार?" मी म्हणायचे, "पाय पुसून आत या, मग ठरवू."

तनुजा त्या सतरंजीवरची राणी होती. घर शेतकऱ्याचं. वडिलांची, दत्ताभाऊंची, अर्धी जमीन उसाखाली होती आणि अर्धी बिल्डरकडे गेलेली. पोरगी बुटकी, दोन वेण्या, समोरचे दोन दात नुकतेच पडलेले. तिचे हात बघत राहावेसे होते. काड्यांच्या ढिगात मूठ घालायची आणि बाहेर काढायची तर बरोबर दहा. मोजायची नाही. मोजून दाखव म्हटलं तर माझ्या समाधानासाठी मोजायची. एकदा मी तिला एकोणतीस काड्या मांडायला सांगितल्या. तिने तीन गठ्ठे ठेवले, एकातली एक काडी उपसली आणि मुठीत लपवून माझ्याकडे बघितलं. "तीसला एक उनी हाय ना बाई, म्हनून एकोणतीस." मी इतकी वर्षं एकोणतीस म्हणत आले. त्यातला उणा एक मी कधी पाहिला नव्हता.

आणि हीच मुलगी वहीत पंचवीस लिही म्हटलं की ५२ लिहायची.

इंग्रजी शाळेतली मुलं या खड्ड्यात पडत नाहीत. ट्वेन्टी फाइव्ह. आधी वीस, मग पाच, ऐकलं तसं लिहिलं. आपलं तसं नाही. आपण बोलतो पंचवीस, म्हणजे आधी पाच, मग वीस. आणि लिहितो आधी दोन, मग पाच. कान एकीकडून चालतो आणि हात दुसरीकडून. नव्व्याण्णवपर्यंत हा उलटा कारभार आहे आणि आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही, कारण तो अंगवळणी पडला आहे. थर्टीन, फोर्टीन म्हणताना इंग्रजीचीही तीच गत होते, हे मी इंग्रजी शाळांचं कौतुक करणाऱ्यांना आवर्जून सांगते. तेवढंच समाधान.

बहुतेक मुलं दिवाळीपर्यंत यातून बाहेर पडतात. तनुजा पडली नाही. त्रेसष्ट म्हटलं की ३६. चौऱ्याऐंशी म्हटलं की ४८. काड्यांनी सगळं बिनचूक आणि वहीत सगळं उलटं. मी लाल पेनने गोल करत होते. एकेका पानावर दहा-दहा गोल.

फेब्रुवारीत पत्र आलं. त्याच आठवड्यात दत्ताभाऊ शाळेत आले. पायात चिखलाचे बूट, हातात गाडीची किल्ली. ऊसतोड चालू होती, त्यामुळे माणूस घाईत होता. तनुजाची वही त्यांनी उघडून माझ्यासमोर धरली.

"बाई, हे काय हाय? समदं लालच लाल."

"प्रयत्न चालू आहेत."

"माझ्या भावाची पोरं इंग्लिश मीडियमला हायेत. मी तिथं इचारून आलो. ते म्हनले, पोरगी कच्ची असंल तर परत पहिलीत बसवावं लागंल." त्यांनी वही मिटली. "ती आता तिसरीत जानार. दोन वर्सं मागं जाईल. पन इथं राहून कच्चीच राहनार असंल तर मागं गेलेलं बरं. ह्या तपासनीत तिला आलं तर ठिवतो इथं. न्हाई आलं तर जूनमदी दाखला काढतो."

तनुजा दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं. सात वर्षांच्या मुलीला दोन वर्षं म्हणजे किती हे बरोबर कळतं. तिच्या चुलतबहिणी तिच्यापेक्षा लहान होत्या. ती त्यांच्या वर्गात, त्यांच्या मागे बसणार होती.

मग मी घाबरले. घाबरलेली बाई जे करते तेच मी केलं. काड्या कपाटात बंद केल्या. सतरंजी गुंडाळली, बाकं पुन्हा ओळीत लावली. सकाळ-संध्याकाळ फळ्यावर संख्यालेखन. मी म्हणायची, मुलांनी लिहायचं. टबाकडे बघायला कुणाला वेळ राहिला नाही आणि उन्हं चढायला लागली होती. मुख्याध्यापक दारात थांबून म्हणाले, "आता कसं शाळेसारखं वाटतंय." मला त्यांचा राग आला, आणि ते बरोबर बोलतायत की काय अशी शंकाही आली.

तनुजाचं काही सुधारेना. उलट आता ती खोडरबराने खोडून खोडून कागद फाडायला लागली. एका दुपारी, शेवटच्या तासाला, मी पंचवीस म्हटलं. तिने पाटीवर पुन्हा ५२ लिहिलं. मी दिवसभर उभी होते, बसला उशीर होणार होता, पत्रातली तारीख डोक्यात होती. ही कारणं मी आज देते आहे. तेव्हा मी फक्त तिची पाटी उचलली आणि सगळ्या वर्गाला दाखवली.

"हाताने सगळं येतं हिला. मग डोकं काय घरी ठेवून येतेस?"

वर्ग हसला. पेठेत असली वाक्यं आम्ही चहाबरोबर एकमेकांना देतो, कुणी मनावर घेत नाही. सात वर्षांची तनुजा पेठेत राहत नव्हती. तिने पाटी घेतली, पदराने पुसावी तशी फ्रॉकच्या टोकाने पुसली आणि खाली बसली. रडली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून तिने वर्गात हात वर करणं बंद केलं.

पडताळणी मंगळवारी होती. आधीच्या शनिवारी सकाळची शाळा होती. शेजारच्या शेतात तोड संपून पाचट पेटवलं होतं आणि काळी पानं उडत येऊन व्हरांड्यात पडत होती. मधल्या सुट्टीत मी डबा न उघडता बाहेर आले, ते कुणाला तरी ओरडायलाच. कडुनिंबाखाली तनुजा पहिलीतल्या एका चिमुरडीला घेऊन बसली होती. समोर कडुनिंबाच्या काटक्या. काड्या मी कपाटात कोंडल्या होत्या ना, तिने दुसऱ्या शोधल्या होत्या.

"सांग, पंचवीस कसं करायचं?" तनुजा शिकवत होती. माझाच आवाज, माझाच हात कमरेवर. चिमुरडी काटक्या चाळवत राहिली.

"आधी पाच म्हनलं ना? मंग पाच सुट्या हितं ठिवायच्या." तिने पाच काटक्या स्वतःच्या उजव्या हाताला ठेवल्या. "आनि मंग वीस. दोन गठ्ठं हिकडं." गवताने बांधलेले दोन गठ्ठे डावीकडे. "आता लिहायचं."

आणि तिने बोटाने धुळीत आधी ५ काढला. मग त्याच्या डावीकडे, बरोबर अंतर सोडून, २.

धुळीत स्वच्छ २५ उमटलं होतं.

माझं ओरडायचं राहूनच गेलं. ऐकलं तसं तिने लिहिलं होतं, फक्त उजवीकडून. पाच आधी ऐकला, तो त्याच्या घरात बसवला. मग वीस, ते त्यांच्या घरात. यात चूक कुठे होती?

"तनुजा, परत लिही बरं."

ती दचकली. तिने एका झटक्यात चपलेने आकडा पुसून टाकला. "न्हाई बाई. खेळत होते."

"अगं, बरोबर होतं. वहीत का नाही असं लिहीत?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला काही फसवून विचारते आहे का, याचा अंदाज घेत होती. मग हळूच म्हणाली, "तुम्हीच म्हनला होता ना. उजवीकडनं लिहायचं न्हाई. हिरव्या ठिपक्यापास्नं सुरू करायचं."

हो. मीच म्हटलं होतं. जूनमध्ये, वर्षाच्या पहिल्या आठवड्यात. अक्षर वळणदार यावं म्हणून मी प्रत्येकाच्या वहीत, प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला हिरव्या पेनने ठिपका द्यायचे. इथून सुरू, तिकडे जायचं, मागे यायचं नाही. माझ्या वर्गाचं अक्षर तालुक्यात नावाजलं जायचं आणि मला त्याचा तोरा होता. जुलैत केव्हातरी ही मुलगी आकडा उजवीकडून लिहीत होती आणि मी तिचा हात धरून डावीकडे नेला होता. एकदा नाही, आठवडाभर. "उलटं लिहायचं नाही, तनुजा." तिने माझं ऐकलं. आधी पाच ऐकू यायचा, तो ती हिरव्या ठिपक्यापाशी लिहायची, मग दोन. ५२. मी सांगितलं तसंच ती करत होती आणि मी त्यावर लाल गोल करत होते.

मला लाज वाटली. कडुनिंबाखाली, उडत्या काजळीत उभी राहून मला इतकी लाज वाटली की मी तिला नीट सॉरीही म्हणू शकले नाही. म्हणाले, "आजपासून तू उजवीकडूनच लिही. मी चुकीचं सांगितलं होतं." ती मान हलवून चिमुरडीला घेऊन निघून गेली. बाई चुकतात यावर दुसरीतल्या मुलाचा विश्वास बसत नाही. आणि ज्या बाईने सगळ्यांसमोर पाटी दाखवली, तिच्यावर तर का बसावा?

सोमवारी मी कपाट उघडून काड्या बाहेर काढल्या. वर्ग ओरडला. तनुजा जागची हलली नाही. मी संख्या सांगितल्या, तिने पान कोरं ठेवलं. उजवीकडून नाही, डावीकडून नाही, काहीच नाही. मी तिच्या बाकापाशी उकिडवी बसून म्हणाले, "लिही ना गं, कसंही लिही." तिने पेन्सिल घट्ट धरून ठेवली आणि सुट्टीची घंटा होईपर्यंत तशीच बसली.

त्या दिवशी बसमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा माझा स्टॉप चुकवला.

मंगळवारी आलेले सर तरुण होते. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, वागायला सभ्य. व्हरांड्यात एक बाक टाकलं, त्यावर एकेक मूल. आम्ही वर्गात थांबायचं, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. खिडकी मात्र व्हरांड्याकडे उघडत होती आणि बाक खिडकीपासून चार हातांवर होतं. मी उरलेल्या वर्गाला चित्र काढायला बसवलं आणि गजांपाशी उभी राहिले. एकेक नाव पुढे सरकत होतं.

तनुजा गेली. बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. सरांनी कागद पुढे केला, त्यावर एक चौकट.

"पंचेचाळीस लिही बाळ."

तिने पेन्सिल उचलली. चौकटीच्या वर ती नुसती हवेत धरून ठेवली. व्हरांड्याच्या पलीकडून ट्रॉली गेली, तिचा खडखड आवाज संपेपर्यंत पेन्सिल तशीच होती. मग ती खाली आली. चौकटीच्या उजव्या बाजूला.

"अगं अगं," सर म्हणाले, "उलटं नाही. इकडून सुरू कर, डावीकडून."

पेन्सिल पुन्हा वर गेली. तनुजाने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे.

मी काय केलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी मान खाली घातली. खूण करायची नाही असा नियम होता, म्हणून घातली असं मला म्हणता येईल. खरं सांगायचं तर मला तिच्या डोळ्यांत बघवलं नाही. दुसऱ्यांदा तिचा हात कुणीतरी डावीकडे नेत होतं आणि मी गजांमागे गप्प उभी होते. मी खिडकीच्या चौकटीवरचा उडालेला रंग बघत राहिले.

तेवढ्यात तिचा आवाज आला. बारीक, पण ठाम.

"सर, तुम्हीच आधी पाच म्हनलात की."

मी वर पाहिलं. सरांचे ओठ हलले. पंचे... चाळीस. स्वतःशीच, पुन्हा एकदा. ते हसले नाहीत. फक्त टॅब बाजूला ठेवून म्हणाले, "खरंय. लिही मग, तुझ्या पद्धतीने."

तिने उजवीकडे ५ काढला. मग डावीकडे ४. मग पुढच्या चौकटीत, त्याच्या पुढच्या चौकटीत, सगळं उजवीकडून. सरांनी टॅबवर बोट टेकवलं. बरोबर. बरोबर. बरोबर. मी खिडकीपाशी खाली बसले आणि वर्गातल्या एका पोराने विचारलं, "बाई, तुम्हाला चक्कर आली का?"

इथे हा लेख संपला असता तर मी दर संक्रांतीनंतर ऊस बघून घाबरले नसते.

एप्रिलच्या शेवटी दत्ताभाऊ प्रगतिपुस्तक न्यायला आले. बरोबर तनुजा, नव्या फ्रॉकमध्ये. पडताळणीचा निकाल त्यांना कळला होता. खुशीत होते. आवाज चढा होता, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा.

"मानलं बाई तुम्हाला. कच्ची हुती पोरगी, पन तुम्ही तयार केली. आता राहू द्या हितंच."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. पटावरचं एक नाव टिकलं होतं. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त "त्यात काय एवढं" म्हणायचं आणि सही घ्यायची. पण तनुजा खाली फरशीकडे बघत होती. 'कच्ची' या शब्दावर तिची मान आणखी खाली गेली होती, आणि हा शब्द ती आता आयुष्यभर बरोबर नेणार होती. कच्ची होते, बाईंनी सुधारलं.

"दत्ताभाऊ," मी म्हणाले, "ती कच्ची नव्हती. कधीच नव्हती. चूक माझी होती."

मी सगळं सांगितलं. हिरवा ठिपका, उजवीकडून लिहिणं, लाल गोल. आणि पाटीची गोष्टही सांगितली, ती सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नव्हता. मुख्याध्यापक मधेच खोकले. मी थांबले नाही.

दत्ताभाऊंचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"म्हंजे तिला येत होतं?"

"हो."

"आनि तुम्ही समद्या वर्गाम्होरं म्हनला, डोकं घरी ठिवून आली."

"हो."

"बाई, ती घरी जेवताना बोलायची बंद झाली हुती. आम्ही नवराबायको रातभर इचार करायचो, पोरीच्या डोक्यात काय कमी हाय का. डॉक्टरला दाखवायचं चाललं हुतं आमचं." त्यांनी प्रगतिपुस्तक टेबलावर ठेवलं. "दाखला द्या."

"अहो दत्ताभाऊ, आता निकाल चांगला लागलाय," मुख्याध्यापक म्हणाले.

"म्हनून तर. हुशार हाय ना? मंग द्या दाखला."

मुख्याध्यापक मला दाराबाहेर घेऊन गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "कोणी विचारलं होतं का तुम्हाला?" नव्हतं विचारलं. हे मला मान्य होतं.

आमच्या शाळेत कारकून नाही. दाखले मीच लिहिते, माझं अक्षर चांगलं ना. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी. प्रगती, वर्तणूक. शाळा सोडण्याचं कारण: पालकांची इच्छा. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात सगळे आडवी रेघ मारतात. मी लिहिलं: 'दोन अंकी संख्या अचूक लिहिते. एकक आधी, उजवीकडून लिहिते. तसे लिहू द्यावे. इयत्ता तिसरीसाठी पूर्ण तयार आहे.'

"बाई, शेऱ्यात असलं लिहीत नाहीत," मुख्याध्यापक म्हणाले.

"रकाना रिकामा होता."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला आणि सही केली. त्याबद्दल मी त्यांना पुढची सगळी टोमणेबाजी माफ केली आहे.

दत्ताभाऊंनी दाखला वाचला. ओठ हलवत, एकेक शब्द. मग परत माझ्यापुढे सरकवला.

"तिथं मराठी कोन वाचतंय, बाई? खाली इंग्लिशमदी लिवा."

मी, जिने वीस वर्षं इंग्रजी शाळांना नावं ठेवली, पेन उचललं. एका शब्दाचं स्पेलिंग मुख्याध्यापकांना विचारावं लागलं. त्यांनाही दोन मिनिटं लागली. त्या दोन ओळींत मी व्याकरणाची काय वाट लावली असेल देव जाणे, पण ती मुलगी तिसरीला बसायला तयार आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. तनुजा टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून माझा हात डावीकडून उजवीकडे जाताना बघत होती. मी तिला म्हणाले, "तुझं काहीच चुकलं नव्हतं." ती वडिलांचं बोट धरून निघून गेली.

आता माझ्या वर्गात हिरवा ठिपका नसतो. अक्षर पूर्वीइतकं वळणदार येत नाही, तालुक्यात कुणी नाव घेत नाही. मुलं आकडे कुठूनही लिहितात आणि मी आधी विचारते, मग पेन उघडते. पेन उघडायच्या आधी विचारायला मला पंचवीस वर्षं लागली. पंचवीस म्हणते तेव्हा हल्ली मला आधी पाचच दिसतात.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दत्ताभाऊ मला मांजरीच्या स्टॉपवर भेटले. मोटरसायकलवर होते, मला बघून थांबले. पाय टेकवला, इंजिन चालूच ठेवलं.

"तिसरीत बसवलं," ते म्हणाले.

मला एवढा आनंद झाला की मी त्यांच्या हाताला हात लावला. माणूस जरा अवघडला. मग मी विचारू नये ते विचारलं. कुणीही बाई विचारेलच.

"माझी आठवण काढते का कधी?"

दत्ताभाऊ खोटं बोलू शकले असते. त्यांनी आरशात मागची गाडी बघितली, माझ्याकडे बघितलं.

"न्हाई बाई. तुमचं नाव काढलं की उठून जाती."

मी म्हणाले, "बरोबर आहे तिचं." तेवढ्यात माझी बस आली.